लग्नाला रुसणारी गाडी

नाव : कुमारी उर्वशी दौलत सेलोकर. राहणार मौजा करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. शिक्षण : बारावी, कला शाखा. व्यवसाय : निरंक. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जुना व्रण. सदर अर्जदाराचा डावा पाय बालपणीच्या पोलिओमुळे कायमस्वरूपी निकामी असून सदर अर्जदार मदतीशिवाय प्रवास करण्यास असमर्थ आहे. सबब प्रवासात सोबत एक मदतनीस आवश्यक. मदतनीसाचे नाव व नाते : चंद्रकुमार, भाऊ.

अपंगत्वाच्या या दाखल्यातलं बरंचसं खरं आहे. व्रण आहे, आंब्याखाली बसलेली असताना वरून आलेल्या कैरीचा. कैरी टाकणारा चंद्रकुमारही आहे. डाव्या पायाला पट्ट्या आणि सळ्यांचा बूट आहे, तो सकाळी चढतो आणि झोपताना उतरतो.

‘निरंक’ या शब्दाबद्दल मात्र गावात मतभेद आहेत. करडी आणि आसपासच्या खेड्यांत ज्या मुली मांडवात उभ्या राहतात, त्यातल्या बऱ्याचशा आधी उर्वशीच्या हाताखालून जातात. मेंदी, केस, साडी, तोंडावरचा रंग, आणि नवरी रडली की तो रंग पुन्हा. हा रकाना ज्या बाबूंनी भरला, त्यांच्या मुलीलाही पुढे तिनेच सजवलं. तेव्हा बाबू म्हणाले, “हात मोठा साफ आहे पोरीचा.” दाखला दुरुस्त करावा असं कोणाच्या मनात आलं नाही. कायमस्वरूपी गोष्टींना हात लावू नये, अशी एकंदर पद्धत आहे.

तिची गोष्ट सांगायची तर गाडीपासूनच सांगावी लागते, कारण त्याआधीच्या बऱ्याच वर्षांत ती वाट पाहत बसलेली आहे. चंद्रकुमारची मोटारसायकल मोकळी असेल तेव्हा मागे बसून जायचं आणि तो परत येईल तेव्हा यायचं. तो शेतकरी माणूस. त्याला धानाच्या बांधीत पाणी सोडायचं असेल तर नवरीच्या घरी ती पहाटेच पोचायची, नवरी अजून झोपलेली. आणि परतताना मांडवातली सतरंजी गुंडाळून झाली, भांडी मोजून झाली, आचारी निघून गेला, तरी ही आपली पेटी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. शेवटी त्या खुर्च्याही भाड्याच्या निघायच्या आणि न्यायला माणूस यायचा. “उठता का ताई, खुर्ची मोजाची आहे,” हे वाक्य तिने बऱ्याच गावांत ऐकलं आहे.

मग भंडाऱ्याच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या आणि त्यांची चंदेरी गाडी विकायला निघाली. जुनी होती, पण गियर आपोआप पडणारी. जगाचा साधारण समज असा की माणसाला दोन पाय असले की गाडीला तीन पेडल लागतात. या गाडीला पेडल दोनच, आणि दोन्ही उजव्या पायाची. उर्वशीने साठवलेलं सगळं त्यात घातलं, रीतसर परीक्षा देऊन लायसन काढलं, आणि एका सकाळी ती करडीच्या चौकातून एकटी गेली. पानठेल्यावरची मंडळी उभी राहिली. आदराने नव्हे, तिने एक हात बाहेर काढून कोणाला तरी नमस्कार केला, दुसरा स्टिअरिंगवर, मग गियर कोणी टाकला, हे त्यांना पाहायचं होतं.

“क्लच कुठं आहे वो ताई?” एकाने वाकून विचारलं.

“नाही.”

“नाही म्हणजे? मोडला का?”

“जन्मापासूनच नाही,” उर्वशी म्हणाली. “माह्यासारखंच आहे तिचं.”

त्यानंतरच्या दोन लग्नसराया ती आपल्या मनाने गेली आणि आपल्या मनाने आली. नवरी मांडवात जाईपर्यंत थांबावंसं वाटलं तर थांबली. न जेवता निघावंसं वाटलं तर निघाली. हे सुख ज्यांना रोज असतं त्यांना ते सुख आहे हे सांगावं लागतं.

तिसऱ्या लग्नसराईत गाडी रुसायला लागली.

रुसणं असं : घरून निघाल्यावर थोडं पुढे, बहुतेक वेळा कालव्याच्या पुलाच्या आसपास, समोरच्या काचेखाली गाडी कोणत्या गियरमध्ये आहे ते सांगणारं अक्षर विझायचं. मग एक धक्का. मग इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी मात्र ओझं उचललेल्या म्हाताऱ्यासारखी सरकायची. बंद करून पुन्हा सुरू करावी तर कधी व्हायची, कधी किल्ली फिरवूनही आवाज नाही. अर्धा-पाऊण तास तशीच उभी ठेवली, बोनेट उघडून वारा घातला, शिव्या दिल्या, की अक्षर परत यायचं आणि गाडी निमूट चालायला लागायची. शिव्यांचा परिणाम होतो असं चंद्रकुमारचं ठाम मत बनलं ते याचमुळे.

मोहाडीला डोमा मिस्त्री आहे. त्याचं मूळ शिक्षण ट्रॅक्टरवर झालेलं, पण चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल तो मत देतो. आधी त्याने बॅटरीची तार काढून परत लावली. मग गियरचं तेल पाहिलं, वास घेतला, बोटाला लावून उन्हात धरलं आणि बदललं. मग तो म्हणाला, “सेन्सर.”

“कोणता?” उर्वशीने विचारलं.

“आता ताई, सेन्सर म्हणजे एक थोडीच रायते. दहा जागी रायते.”

डोमाच्या बोलण्यात सेन्सर म्हणजे जे दिसत नाही आणि ज्याच्यामुळे होतं ते. पूर्वी या जागी दुसरे शब्द होते, त्यांच्यावर उतारा लिंबाचा होता. याच्यावर उतारा म्हणजे पुन्हा बॅटरीची तार काढून लावणे. मुख्य अडचण अशी की डोमासमोर गाडी कधीच रुसली नाही. वैनगंगेचा पूल ओलांडून मोहाडीत शिरेपर्यंत ती अशी चालायची की डोमालाच संशय यायचा.

“गाडी चांगली आहे, ताई. तुमचंच मन लागून नसंन गाडीत.”

“माझं मन लागून नाही म्हणून तिचं अक्षर विझते का, डोमाभाऊ?”

“तसं नाही, पण विझते हे आतापर्यंत पाह्यलं कोनं? तुमी.”

शेवटी नागपूरला एका गॅरेजात दाखवली. वाटेत मोहाडीला थांबवून डोमाने पुन्हा एकदा बॅटरीची तार काढून लावली. लांबच्या प्रवासाला निघताना देवाला हात जोडावे तसं. नागपूरच्या तरुणाने गाडीला लॅपटॉपची तार जोडली, बराच वेळ पाहिलं आणि चष्मा पुसला. “मॅडम, इसको कुछ याद ही नहीं है,” तो म्हणाला. गाडी बिघडली की बिघाड आपल्याजवळ नोंदवून ठेवते, आणि बॅटरी काढली की विसरते, हे त्याने समजावून सांगितलं. म्हणजे डोमा प्रत्येक वेळी रोग्याला बरं करत नव्हता, जबाब पुसून टाकत होता. हे ऐकून उर्वशीला राग आला नाही, गंमत वाटली. तरुणाने तिच्यासोबत दोन-तीन रस्ते फिरून पाहिले. गाडी लोण्यासारखी. तो प्रामाणिक होता. त्याने काही बदललं नाही. म्हणाला, “बीमारी हजर असेल तेव्हा आणा, मॅडम.”

ही सूचना चांगली होती. पण ज्या बिमारीत गाडी चालतच नाही, ती बिमारी हजर असताना गाडी नागपूरला आणायची कशी, हा प्रश्न दोघांनाही एकदमच सुचला.

माघात पलीकडच्या गावात एक लग्न होतं. कालव्याच्या पुलाअलीकडे अक्षर विझलं ते लवकर परत आलंच नाही. उर्वशी पोचली तेव्हा नवरीच्या मामीने स्वतःच नवरीला पावडर लावून टाकली होती. नवरी ओळखू येत होती, पण घाबरलेली वाटत होती. तेवढ्यात चंद्रकुमार ट्रॅक्टर घेऊन आला, कारण गाडी अडल्याचं त्याला उशिरा कळलं आणि ती पुलावर सापडली नाही, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर मोठ्याने म्हणाला, “बांधू का दोर?”

त्या संध्याकाळी घरी त्याने विषय काढला. चंद्रकुमार वाईट माणूस नाही. बहिणीवर त्याचा जीव आहे. पण त्याचा जीव नेहमी दोर घेऊन येतो.

“विकून टाकू, ताई. तुमसरचा मंगेश मांगून राह्यला. त्याच्या बापाचे गुडघे गेले, त्याले अशीच बिनक्लचची पायजे. तुले जिथं जाचं तिथं मी नेतो ना.”

“आणि धानाच्या रोवणीत?”

“रोवणीत लगनं कुठं रायते?”

“आणि उन्हाळी धान कापाच्या टायमाले?”

“तवा... पाहू ना तवा.”

‘पाहू’ म्हणजे भाड्याच्या खुर्चीत बसणं, हे उर्वशीला माहीत होतं. पण ज्या गाडीचा भरवसा नाही ती गाडी म्हणजे नवऱ्या बुडवण्याचं साधन. ती म्हणाली, “येऊ दे मंगेशले रविवारी.” वहिनी रीना चुलीजवळून म्हणाली, “ताई, घाई कायले करता?”

रविवार यायच्या आधी गुरुवारी आत्याबाईंच्या सासरकडचं कोणी वारलं. सत्यभामाबाई ही उर्वशीची आत्या, करडीतच राहते, आणि पंचक्रोशीतली मयत, तेरवी, वर्षश्राद्ध यांतलं काहीही चुकवत नाही. कोण कधी गेलं, त्याला कोण रडलं आणि कोणी नुसतं तोंड झाकलं, हे तिला तोंडपाठ. निरोप आला तसे सगळे नेसत्या कपड्यांनिशी गाडीत बसले. मागे चार बाया, पुढे आत्याबाई. गाडी कालव्याच्या पुलावरून गेली, मुरमाच्या चढावरून गेली, धुळीच्या पांदणीतून गेली, संध्याकाळी परत आली. अक्षर एकदाही विझलं नाही.

परतताना आत्याबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “उर्वशे, एक गोष्ट सांगू का? रागावशील नाही?”

“सांगा.”

“तुही गाडी मयतीले कदी अडली नाही.”

मागच्या चारही बायांनी माना पुढे काढल्या.

“मी बसलीच आहो ना तिच्यात. डोंगरे गुरुजीच्या मयतीले गेलो, बराबर. कुंताबाईच्या तेरवीले गेलो, बराबर. आज बराबर. अन् लगन म्हटलं का रुसते. ही गाडी शुभाची नव्हे, पोरी. विकून राह्यला चंद्रू ते बरंच आहे.”

“आत्या, मंग त्या मंगेशच्या बापाचं काय होईल?”

“त्याले काय, गुडघेच तर गेले,” आत्याबाई म्हणाल्या. “थो कुठं लगन करून राह्यला.”

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच रडल्यासारखं केलं, कारण आपण कुठून येत आहोत ते आठवलं.

आत्याबाईंनी हे तिने भ्यावं म्हणून सांगितलं होतं. पण माणसाला भीती वाटायच्या आधी कधी कधी नवल वाटतं, आणि उर्वशी त्या जातीची होती. रात्री बूट काढून पाय चोळताना तिने आठवून पाहिलं. आत्याबाई बरोबर होत्या. लग्न : अडली. लग्न : अडली. साक्षगंध : अडली. मयत, तेरवी, बाजार, बँक : नाही. डोमाकडे : नाही. नागपूरला जाताना... थांबा. नागपूरला जाताना अडली होती, कालव्याच्या पुलाजवळच, थोडा वेळ. मग पुढे सगळं ठीक झालं म्हणून तिने ते मोजलंच नव्हतं. नागपूरला काही लग्न नव्हतं. म्हणजे शुभ-अशुभाचा संबंध एवढ्यावरच संपला. बाकी काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला तिने तांदूळ निवडता निवडता कामाला लावलं.

“रीना, आपण लग्नाले जातो अन् मयतीले जातो, याच्यात फरक काय?”

रीनाने सूप थांबवलं. “ताई, बरं वाटून राह्यलं ना तुमाले?”

“सांग तर.”

“लग्नाले पेटी रायते तुमची. वजनाची.”

“मयतीले चार बाया होत्या. एकेक पेटीपेक्षा भारी.”

“लग्नाले गाणे लावता.”

हे उर्वशीला पटण्यासारखं वाटलं. गाण्याचा डबा आणि गियर एकाच बॅटरीवर. ती उठली, गाडी सुरू केली, मोठ्याने गाणी लावून चौकापर्यंत जाऊन आली. अक्षर स्थिर. पानठेल्यावरून कोणी ओरडलं, “कोणाचं लगन हाय वो?” “कोणाचंच नाही,” तिने सांगितलं, आणि आदल्याच दिवशी मयतीला जाऊन आलेली बाई आज गाणी लावून फिरते, याची गावात योग्य ती नोंद झाली.

“लग्नाले अत्तर मारता,” रीना म्हणाली. “लग्नाले नवी साडी. लग्नाले सकाळी निंघता, मयतीले कवाही. लग्नाले तुमचे भाऊ गाडी धुते.” चंद्रकुमार तिचा नवराच, पण नणंदेसमोर ती त्याचा उल्लेख कधी ‘तुमचे भाऊ’, कधी ‘हे’, कधी नुसता हात करून करते.

“धुते तर मयतीनंतरही,” उर्वशी म्हणाली. “काल रातच्याले आल्याबरोबर धुतली नाही का? इटाळ होता म्हणून. अन् आज चालली की बरी.”

“हो, थे बी खरं आहे,” म्हणून रीना पुन्हा सूप पाखडायला लागली. तिथेच ते राहिलं. आता मागे वळून पाहिलं तर उत्तर सुपात आलं होतं आणि खड्यासारखं बाहेर फेकलं गेलं.

रविवारी सकाळी मंगेश यायचा होता. चंद्रकुमारने पहाटेच गाडी बाहेर काढली. विकायची वस्तू आणि लग्नाला न्यायची वस्तू यात तो फरक करत नाही; दोन्ही चकचकीत पाहिजेत. घरामागेच बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. पाळीवरून एक उतार थेट पाण्यात जातो. त्या उतारावरून पिढ्यान्‌पिढ्या बैल पाण्यात उतरले, मग ट्रॅक्टर उतरला, आता गाडी उतरते. उर्वशी मागच्या दारात चहा घेऊन बसली होती. चंद्रकुमारने गाडी सरळ तोंडाने पाण्यात घातली. समोरची चाकं अर्ध्याच्या वर बुडाली. मग तो स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून बादलीने खालून पाणी मारायला लागला, बैलाच्या पोटाखाली मारतात तसं.

हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

“चंद्रू,” तिने हाक मारली, “तू गाडी तोंडानंच कायले घालतं रे पाण्यात?”

“मंग?”

“मागून घालावं. वळवाची पंचाईत नाही.”

चंद्रकुमार बादली घेऊन उभा राहिला. “बैलाले पाठमोरं पाण्यात नेते का कोणी?” तो म्हणाला. प्रश्न त्याला खरोखरच विचित्र वाटला होता. “बैल बिचकते ना.”

उर्वशी मनात जुळवायला लागली. या गाडीचं इंजिन, गियर, सगळं पोट पुढेच आहे. ते पोट लग्नाच्या सकाळी बोडीत बुडतं आणि तासाभरात ती रस्त्याला लागते. नागपूरला जायच्या सकाळीही धुतली होती, मोठ्या गावाला जायचं म्हणून. डोमाकडे जाताना ती कोणी धूतच नाही, मिस्त्री परत मळवणारच म्हणून. आणि मयतीनंतर धुते खरी, पण धुतल्यावर ती कुठेच जात नाही. रात्रभर छपरीत उभी असते, धानाच्या तणसाच्या उबेत. पावसाळ्यात गल्लीच्या चिखलामुळे ती बाहेरच निघत नाही, म्हणून पावसानेही कधी चहाडी केली नाही. वहिनीच्या सुपातला खडा तिने परत उचलून घेतला.

आता अडचण एकच होती. हे खरं की नाही, ते तिला माहीत नव्हतं. खरं असेल तर गाडी आज मंगेशसमोर अडेल, आणि तो घेणार नाही. खोटं असेल तर गाडी छान चालेल, आणि दुपारपर्यंत ती तुमसरची होईल. पुन्हा करून पाहायला गाडीच उरणार नाही. इतके दिवस जी अडू नये म्हणून नवस झाले, ती आज अडली तरच आपली.

तिने चहा संपवला आणि म्हणाली, “नीट धू. खालूनही चांगलं पाणी मार. मंगेश वाकून पाहील.”

“मले सांगतं का तू,” चंद्रकुमार म्हणाला, आणि त्याने अजून बादल्या मारल्या.

मंगेश आला तो एकटा नव्हता. गाडी पारखायला म्हणून त्याने डोमा मिस्त्रीला सोबत आणलं होतं. डोमाने ज्या गाडीला बरेचदा बरं केलं, ती चांगली आहे की नाही हे सांगायला तो आज मंगेशच्या बाजूने आला होता. त्याने यात काही अवघडलेपण दाखवलं नाही. “गाडी माही पाह्यलेली आहे,” तो मंगेशला म्हणाला. “गाडी नंबर एक. आता मालकीणबाईच्या मनाचं मले माहीत नाही.”

मंगेश चालवायला बसला, शेजारी डोमा, मागे उर्वशी आणि चंद्रकुमार. गाडी चकचकत होती. गल्लीतून निघाली, चौकातून गेली, पानठेल्यावर कोणी हात केला. अक्षर लख्ख होतं. मंगेश खूश होऊन म्हणाला, “बापाले एकदम आवडन.” चंद्रकुमारने बहिणीकडे पाहून मान हलवली. उर्वशीने मांडीवर हात घट्ट धरले होते आणि ती त्या अक्षराकडे पाहत होती. शाळा गेली. शेवटची घरं गेली. हनुमानाचं देऊळ गेलं. कालव्याचा पूल समोर दिसायला लागला, आणि गाडी तशीच गुणी.

पुलाच्या चढाला अक्षर एकदा लुकलुकलं. मग विझलं.

धक्का बसला. इंजिन ओरडलं. मंगेश म्हणाला, “हे काय?”

“हे तेच,” उर्वशी म्हणाली. तिचा आवाज इतका आनंदी होता की चंद्रकुमारने वळून पाहिलं.

मंगेशने किल्ली फिरवली, परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवून तो खाली उतरला. बापाला अशा पुलावर अडकवायची त्याची इच्छा नव्हती आणि ते त्याने सभ्यपणे सांगितलं. मागून येणाऱ्या ओळखीच्या मोटारसायकलवर तो बसून निघून गेला. जाताना डोमाला म्हणाला, “चाल ना.”

डोमा गेला नाही. तो रस्त्यात उभा राहून गाडीकडे पाहत होता. ज्याच्याबद्दल बरंच ऐकलं, पण भेट कधी झाली नाही, असं कोणी अचानक समोर यावं, तसं काहीसं. “आयला,” तो हळूच म्हणाला, “अडते तर खरंच.”

“डोमाभाऊ, बॅटरीले हात लावू नका,” उर्वशी म्हणाली. “गाडी खालून ओली आहे. बोडीतून आली आता. पाणी कुठून आत जाऊन राह्यलं ते पाहा. आत्ताच पाहा, वाळाच्या आधी.”

डोमाने शर्ट काढून रस्त्यावर टाकला आणि गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज यायचा. “हे ओलं... हे बी ओलं... हे रायते ओलं...” मग, “ताई! लिवर मागंपुढं करा. हळू. हां. करा पुन्हा.”

गियरच्या पेटीच्या बाहेर, खालच्या अंगाला एक प्लग असतो. लिवर कुठे आहे हे तो गाडीला सांगतो. त्या प्लगवर रबराचं एक कडं असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. या गाडीचं कडं वयानुसार तडकून कधीच गळून पडलं होतं. डोमाने प्लग ओढला तर आतून बोडीचं पाणी थेंबथेंब पडलं, आणि पितळेच्या दांड्यांवर हिरवं चढलेलं. पाणी आत झिरपायला थोडा वेळ, म्हणून अक्षर घराजवळ विझत नव्हतं, पुलापाशी विझत होतं. गाडीला आपण कोणत्या गियरमध्ये आहोत तेच कळेनासं व्हायचं, आणि मग ती शहाण्या माणसासारखी जिथल्या तिथे थांबायची.

डोमा बाहेर निघाला. अंगभर चिखल, हातात तो प्लग. चेहऱ्यावर मोठं समाधान. “मी काय बोललो होतो?” तो म्हणाला. “सेन्सर.”

उर्वशी इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. चंद्रकुमारला हसू येत नव्हतं. तो बराच वेळ प्लगकडे आणि मग दूर बोडीच्या पाळीकडे पाहत होता.

“म्हणजे मीच बिघडवत होतो का, ताई?”

“तू धूत होता,” ती म्हणाली. “गाडी बिघडून राह्यली होती.”

“आज तर तू म्हटलं, खालून मार म्हणून.”

“हो.”

त्याने हे थोडं मनात घोळवलं. मग त्याला कळलं. चेहरा आधी रागावला, मग त्याला काय करावं ते कळेना. “लईच हुशार आहेस तू,” तो शेवटी म्हणाला, आणि ट्रॅक्टर आणायला निघाला. “थांब,” ती म्हणाली. “वाळू दे.” तिघे पुलाच्या कठड्यावर बसले. डोमाने प्लग शर्टाने पुसला, फुंकला, उन्हात धरला आणि परत बसवला. अक्षर आलं तेव्हा कोणी शिव्या दिलेल्या नव्हत्या.

डोमाने पुढच्या आठवड्यात नागपूरहून रबराचं कडं आणलं, दांड्या घासून काढल्या, वरून ग्रीस थापलं. आत्याबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “रबर म्हणा का काई म्हणा, मयतीले ते गळत नव्हतं ना?” त्यांच्या मताला काही धक्का लागला नाही. चंद्रकुमार अजून गाडी धुतो, पण अंगणात, बादली आणि फडक्याने, खालच्या अंगाला हात न लावता. त्याला ते मनापासून पटलेलं नाही. चिखल पोटाला राहतो, म्हणतो. बैल असता तर आजारी पडला असता.

दाखल्याची मुदत या वर्षी संपली, म्हणून नव्याने तपासणी झाली. नवा दाखला आला. अर्जदार मदतीशिवाय प्रवास करण्यास असमर्थ आहे. सोबत एक मदतनीस आवश्यक. मदतनीसाचे नाव : चंद्रकुमार, भाऊ.

वैशाखात पवनीला एका नवरीसाठी बोलावणं होतं. उर्वशी सकाळी गेली, रात्री आली. चंद्रकुमार दिवसभर धान कापत होता.